माझ्याहून लहान आत्या

२०१९ च्या उन्हाळ्यात मी कादंबरी लिहायला घेतली तेव्हा मी २३ वर्षांची होते आणि माझी आत्या १९ वर्षांची. आता मी तिशीला टेकले, आत्या अजून १९ चीच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपात आमचं गाव बसलं. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यांतली एक ती. मी तिच्यानंतर तीन वर्षांनी जन्मले.

आत्यावर लिहायचं तेव्हा माझ्या मनातही नव्हतं. मला प्रेमाची गोष्ट लिहायची होती. लातूरला शिकत असताना रात्री अकरानंतर रूमवर आम्ही तिघी फोनवर ज्या इंग्रजी कादंबऱ्या वाचायचो, त्यांतल्या पोरी १८ ते २५ वयाच्या असायच्या. घर सुटलेलं, शिक्षण संपत आलेलं आणि पहिल्यांदाच कुणाच्या तरी आयुष्यात पुरतं उतरलेल्या. या प्रकाराला ‘न्यू अ‍ॅडल्ट’ म्हणतात. २००९ साली अमेरिकेतल्या सेंट मार्टिन्स प्रेस या प्रकाशनसंस्थेनं असं लेखन मागवताना हा शब्द वापरला आणि तो रुळला. किशोरांच्या पुस्तकात प्रेम जमलं की गोष्ट संपत येते. इथं जमल्यावर खरी सुरू होते: नोकरी कुठं, घरी सांगायचं कसं, आपण दोघं खरंच एकमेकांना ओळखतो का.

पण त्या पोरींकडे स्वतःची खोली असते, गाडी असते. आमच्याकडे संध्याकाळी सातला वडिलांचा फोन येतो आणि मागं कुणाचा आवाज आहे ते नीट ऐकलं जातं. बारावीला लातूर, मग क्लास, मग दुसरा अटेम्प्ट, मग अभ्यासिकेची सहा महिन्यांची फी, आणि मधूनच गावाकडून ‘स्थळ आलंय, दोन दिवस येऊन जा’. आमचं १८ ते २५ हे असं जातं. त्यात एक मुलगा आणि एक मुलगी तीन तास शेजारी उभी राहतील आणि कुणी काही विचारणार नाही, अशी जागा कुठली?

ती जागा मला नायक-नायिकेच्या आधी सापडली. २०१६ चा लातूरचा उन्हाळा. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर पाणी. मी तेव्हा वीस वर्षांची होते. आमच्या गल्लीत टँकर यायचा त्याची वेळ ठरलेली नसायची, म्हणून घागरी, कॅन, बादल्या नंबरला लावून माणसं तासन्‌तास थांबायची. त्या रांगेत कुणी कुणाशी बोललं तर तो पाण्याचाच विषय समजला जाई. माझी नायिका सुमन आणि नायक अभय तिथं भेटले. ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, तो सिव्हिल इंजिनिअरिंगला. तिची निळी घागर, त्याचे पेंटचे दोन रिकामे डबे.

पहिली शंभर पानं भराभर झाली. सकाळी क्लासमध्ये जीवशास्त्राचे पेपर तपासायचे, दुपारी दोन ते पाच फोनवरच टाइप करायचं. लॅपटॉप नंतर आला. एक गोष्ट मला फार लवकर कळली आणि तिनं पुढं बराच आधार दिला: मराठीत प्रेमाचा खरा टप्पा ‘तुम्ही’चं ‘तू’ होण्यात असतो. इंग्रजीत ही सोयच नाही. सुमन आणि अभय ९० पानं एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणतात. ‘तुमचा नंबर गेला बघा.’ ‘तुमची घागर मी धरतो, तुम्ही जाऊन या.’ मग एक दिवस टँकर येतो, गर्दी उसळते, ती पडता पडता राहते आणि तो ओरडतो, ‘अगं सरक!’ पुढच्या दिवशी दोघं पुन्हा ‘तुम्ही’वर येतात, पण आता त्या ‘तुम्ही’त दोघांनाही चोरटं वाटतं. हे पान मी अकरा वेळा लिहिलं. मला ते पान आजही सगळ्या कादंबरीत सर्वांत आवडतं.

सुमन हे नाव मी ठेवलं ते जुनं वाटावं म्हणूनच. आमच्या नव्या गावात माझ्या वयाच्या पोरापोरींची नावं ऐकली तर बाहेरच्या माणसाला नवल वाटेल. सगळीकडं आकांक्षा, ऋतुजा, वैष्णवी जन्मत होत्या त्या काळात आमच्याकडं शेवंता, गोदावरी, कुसुम, सुमन जन्मल्या. भूकंपात गेलेल्यांची नावं नंतरच्या लेकरांना ठेवली गेली. वर्गात हजेरी घेतली की अर्धं जुनं गाव ‘हजर’ म्हणायचं. मला आत्याचं नाव ठेवलेलं नाही. अण्णा नको म्हणाले होते. त्यांना ते नाव दिवसातून दहादा हाकारायचं नव्हतं, हे मला आजीनं सांगितलं. अण्णांनी स्वतः बहिणीविषयी माझ्यासमोर कधी अवाक्षर काढलं नव्हतं. घरात तिचा फोटो नाही. होता तो भिंतीखाली गेला.

तर सुमनला तिच्या मेलेल्या आत्याचं नाव दिलं, आणि तिथून कादंबरीत आत्या शिरली. मी तिला येऊ दिलं. अंगावर काटा आणणाऱ्या गोष्टींची मला लहानपणापासून ओढ. आमच्या पिढीनं जुन्या गावाच्या गोष्टी ऐकतच भाकरी खाल्ली: अनंत चतुर्दशीच्या रात्री तिकडून ढोलकीचा आवाज येतो, बाभळीत कंदील हलतो. मी ते सगळं घातलं. आत्या आरशात दिसते, आत्या सुमनच्या अंगात येते, आत्या अभयला सुमनपासून दूर करते, कारण तिचं प्रेम अपुरं राहिलं. पहिला खर्डा एक लाख दहा हजार शब्दांचा झाला. मला वाटलं, झालं.

माझ्या रूमवरच्या मैत्रिणीनं तो तीन दिवसांत वाचला आणि म्हणाली, ‘दीडशे पानांनंतर मला सुमन दिसलीच नाही गं. नुसती आत्याच दिसते. आणि तीपण खरी वाटत नाही.’ एका प्रकाशकांकडे नमुन्याची प्रकरणं पाठवली होती, त्यांचा निरोप उलटा आला: भूत आणखी वाढवा, शेवटी मांत्रिक आणा, प्रेम कमी करा. मी दोघांचंही ऐकून गोंधळले. पण खरा धक्का गावाकडं बसला.

दिवाळीत घरी होते. ओट्यावर बसून फोनवर काही दुरुस्त करत होते. शेजारची मोठी माय आली. नात्यानं लांबची, पण माझ्या जन्मापासून मोठी मायच. तिनं विचारलं, ‘काय लिव्हायलीस गं?’ मी उत्साहानं सांगितलं. जुन्या गावातली गोष्ट आहे, भूकंपात गेलेली पोरगी परत येते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आमच्या मेलेल्यांची भुतं करू नगं माय. माझी दोन लेकरं गेली त्या राती. भूत झाली असती तर कवाच येऊन भेटली असती की मला. किती वर्सं झाली, दाराला आतून कडी नाही लावली मी.’

मी तिच्या दारापुढून हजारदा गेले असेन. कडी लागत नाही हे मला माहीत होतं. आम्ही पोरं समजायचो, कडी मोडलीय.

त्यानंतर सात महिने मी एक ओळही लिहिली नाही. फाइल उघडली की मोठी माय समोर यायची. दुसऱ्याच्या दुःखावर आपण गंमत उभी केली, ही जाणीव फार जड होती. सगळं भूत काढून टाकून नुसती पाण्याच्या रांगेतली प्रेमकथा ठेवावी असंही करून पाहिलं. तो दुसरा खर्डा. सुबक झाला आणि मेलेला. ज्या गावात वर्गाच्या हजेरीत मेलेली माणसं उभी राहतात, त्या गावची पोरगी प्रेमात पडताना तिच्या पाठीशी कुणीच नाही, हे खोटं होतं.

त्या काळात गुणाढ्याची कथा पुन्हा वाचली. आपल्या पैठणची, सातवाहन राजाच्या दरबारची. पैज हरल्यावर गुणाढ्य संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडतो आणि विंध्याच्या रानात पिशाचांची भाषा, पैशाची शिकतो. काणभूती नावाच्या पिशाचाकडून ऐकलेली बृहत्कथा तो स्वतःच्या रक्तानं सात लाख श्लोकांत लिहून काढतो. राजा ती नाकारतो. मग गुणाढ्य रानात अग्नी पेटवून एकेक पान वाचतो आणि जाळतो. पशुपक्षी चरणं विसरून रडत ऐकत राहतात. राजाला कळून तो धावत येतो तेव्हा एक लाख श्लोक उरलेले असतात. मूळ ग्रंथ आज नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं संस्कृतात सांगितली म्हणून ही हकिगत आपल्याला माहीत. मी शाळेत ती ऐकली होती, पण तेव्हा रक्त आणि आग एवढंच लक्षात राहिलं होतं. या वेळी दुसरं दिसलं. आमच्या गोदाकाठच्या सर्वांत जुन्या कथाकारानं गोष्ट पिशाचाकडून घेतली ती कुणाला भिववायला नाही. पिशाचाला ती गोष्ट सांगून मोकळं व्हायचं होतं, शापातून सुटायचं होतं. ऐकणारं कुणीतरी हवं होतं.

मी आजीकडं गेले. या वेळी फोन बाजूला ठेवून.

आजीला म्हटलं, मला जुन्या गावात ने. ती सत्तरीच्या पुढची, पण काठी घेऊन निघाली. जुनं गाव नव्या गावापासून दोन कोसांच्या आतच आहे. त्या दोन जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. नवी गावं आखीव, रुंद रस्त्यांची, ओळीनं घरं. जुन्या गावात बोळ इतके अरुंद होते की दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरावं लागे, असं सगळे सांगतात. आता तिथं बाभळी आणि सीताफळं. आजी झुडपांतून अशी चालली जशी बोळांतून चालतेय. ‘ही वेस. हे तेल्याचं घर. हितं ढाळज व्हती आपली.’ मला फक्त दगड दिसत होते. तिनं एका दगडावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘हितं देवळी व्हती, दिवा लावायची मी.’ भिंतीतल्या कोनाड्याची जागा जमिनीवर दाखवत होती ती.

तिथं बसून तिनं जे सांगितलं ते माझ्या कुठल्याच खर्ड्यात नव्हतं. माणसं एवढी गेली आणि वरून पाऊस लागला. चितेला लाकूड कुठून आणायचं? घरांचंच घेतलं. माळवदाच्या तुळया, खांब. ज्या तुळयांखाली माणसं झोपायची त्याच तुळयांवर त्यांना ठेवलं. आमच्या घराचंही सगळं गेलं. फक्त पुढच्या दाराची सागवानी चौकट आजोबांनी धरून ठेवली. लोक म्हणाले, द्या. ते म्हणाले, ‘ही नाही. हिच्यातून लेकीला वाटं लावायचं व्हतं.’ लेक तर समोर आडवी होती.

ती चौकट आमच्या नव्या घराच्या स्वयंपाकघराला बसवलेली आहे. मी जन्मल्यापासून तिच्याखालून ये-जा करते. उंबऱ्यावर बसून मी चहा प्यायले आहे, रुसले आहे, बारावीचा निकाल तिथंच पाहिला आहे.

तिसरा खर्डा त्या रात्री सुरू झाला. कादंबरीत एक चौकट आली, आणि आरसा, कंदील, अंगात येणं, सगळं गेलं. अभयला सिव्हिल इंजिनिअर केल्याचा आता उपयोग झाला. तो चौकटीखाली उभा राहून सुमनला समजावतो की त्या रात्री घरं का पडली. भिंती दोन-अडीच फूट जाड, पण दगड मातीत बसवलेले. भिंतीच्या आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना सांधणारे लांब जोडदगड नाहीत. उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून माळवदावर मातीचे थरावर थर. जमीन हलली तशी भिंतीची दोन्ही अंगं सुटली आणि वरची माती खाली आली. लाकडाचा सांगाडा मात्र कितीतरी ठिकाणी उभा राहिला होता. तो चौकटीवर हात ठेवून सांगतो आणि सांगता सांगता गप्प होतो, कारण त्याला कळतं की ही माहिती सुमनसाठी माहिती नाही. माझ्या मते प्रेमात पडल्याचा क्षण तो. ज्याला कुठं थांबायचं ते कळतं त्याच्यावर माझी नायिका जीव टाकते.

अमानवी म्हणावं असं पूर्ण कादंबरीत आता एकच उरलं, आणि तेही आजीकडूनच आलं. आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. जातं कधीच बंद झालं, पण ओव्या तिला सुचतात, भाकरी थापताना, शेंगा फोडताना. जात्यावरच्या ओवीला दोन ओळी असतात. पहिली ओळ बहुतेकींना येते, दुसरी जिची तिची. बाई आपलं गुपित दुसऱ्या ओळीत ठेवते. हे ऐकलं आणि मला आत्या सापडली. मी स्वतः ओवी रचली. पहिली ओळ सुमनच्या आजीला येते:

तेरणेच्या पाण्यावर, ऊन पडलं कवळं

दुसरी कुणालाच येत नाही. आत्यानं ती रचली होती आणि एकाच माणसाला ऐकवली होती. तेरणेच्या पलीकडच्या काठाच्या गावातला एक मुलगा, तिच्याच वयाचा. त्यानं पुढं लग्न केलं नाही. तो अभयचा चुलता. सुमनला यातलं काही माहीत नाही. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, अभयच्या घरचे तिला शेतावर बोलावतात. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील. आमच्या भागात त्या दिवशी परका माणूसही वाटेतून शेतात बोलावून जेवू घालतात, त्यामुळं पोरीच्या येण्याला कुणाचा आक्षेप नसतो. चुलता कोपीपाशी एकटा बसलेला. सुमन आंबिलीचं भांडं घासता घासता सहज आजीची ओळ गुणगुणते, आणि न थांबता पुढची म्हणते:

नको धाडू दूर, बया, माझं सासर जवळं

तिला ती ओळ कुठून आली ठाऊक नाही. चाळिशी ओलांडलेला तो माणूस उठतो आणि तिच्याजवळ येऊन विचारतो, ‘कुणी सांगितली तुला?’ बस. एवढंच. वारा सुटत नाही, दिवा विझत नाही. मी ते तसंच ठेवलं. मोठ्या मायला सांगता येईल असं एवढंच होतं माझ्याकडं: कुणी परत आलं नाही, कुणी भूत झालं नाही, एका पोरीचं अडकलेलं वाक्य पोहोचलं.

तिथी आणि तारीख याचा मात्र बराच घोळ झाला. सरकारी श्रद्धांजली ३० सप्टेंबरला होते, पोलीस मानवंदना देतात. आजी तिथी धरते. २०१६ साली अनंत चतुर्दशी १५ सप्टेंबरला होती, म्हणजे घरात आत्याचा दिवस पंधरवडाभर आधी आला. सुमनच्या घरात वडील तारीख पाळतात आणि आजी तिथी, त्यामुळं दर वर्षी दोन दिवसांच्या मधलं घर मुकं असतं. मी एक पूर्ण प्रकरण त्या मधल्या दिवसांवर लिहिलं. त्यात काही घडत नाही. काढून टाका असं दोघांनी सांगितलं. मी नाही काढलं.

आणि स्पर्शाचं लिहिणं. या प्रकारच्या कादंबरीत ते लागतंच. त्या वयाची माणसं एकमेकांना हात लावणारच. मराठीत मला शब्द मिळेनात. काही शब्द दवाखान्यातले, काही सिनेमाच्या गाण्यातले, आणि काही शिव्यांच्या इतके जवळ की लिहिताना लाज वाटे. आठवडा घालवला. मग रांगेकडं परत गेले. मे महिना, घरात दोन घागरी पाणी दोन दिवस पुरवायचं. सुमन अभयच्या रूमवर पहिल्यांदा जाते, हात मातीनं भरलेले. तो तिच्या हातांवर अख्खा तांब्या ओततो. सावकाश, धार न तोडता. ती ‘बास, बास’ म्हणते आणि तो थांबत नाही. ज्यांनी तो उन्हाळा लातुरात काढला त्यांना त्या तांब्याची किंमत सांगावी लागणार नाही. त्यानंतरचं मी लिहिलं, पण त्या तांब्यानंतर ते लिहिणं सोपं गेलं.

शेवट फार दिवस जमत नव्हता. सुमन आणि अभयचं काय होतं ते ठरलेलं होतं: त्याला पुण्यात नोकरी लागते, ती लगेच जात नाही, आधी स्वतःची परीक्षा देते, वर्षभरानं जाते. त्यात मला शंका नव्हती. अडकत होते आत्यापाशी. सुमन चौकटीखाली उभी राहून तिच्याशी एकदा बोलते असं होतं, आणि प्रत्येक वेळी ते निरोपाचं भाषण व्हायचं. ‘आत्या, तू आता जा.’ खोटं. कोण कुणाला जा म्हणणार?

ते सुटलं एका साध्या हिशोबानं. क्लासमध्ये पोरांच्या फॉर्मवर जन्मतारखा भरत होते. समोरच्या पोरीचं वय १९. माझ्यापेक्षा इतकी लहान की तिला मी ‘बाळा’ म्हणते. आणि एकदम लक्षात आलं की मी आत्याला आत्या म्हणत वयानं तिच्या पुढं निघून गेले. ती माझ्याहून धाकटी झाली. आत्या मला सांभाळणार होती, माझ्या लग्नात करवली म्हणून मिरवणार होती, आणि आता मीच तिच्यापेक्षा जास्त पावसाळे पाहिलेली. त्या रात्री सुमनचं बोलणं लिहिलं. ती २२ वर्षांची झालीय. ती पहिल्यांदाच आत्याला आत्या म्हणत नाही. जशी धाकट्या बहिणीला हाक मारावी तशी नावानं हाक मारते, दोघींच्या एकाच नावानं, आणि म्हणते, ‘सुमे, तुझी ओळ पोचली गं.’ पुढं काही नाही. लिहून झालं तेव्हा पहाट झाली होती आणि मी खूप रडले. ते रडणं माझ्या आत्यासाठी होतं. तोवर मी तिच्यासाठी कधी रडले नव्हते. ती मला फक्त गोष्ट म्हणूनच माहीत होती.

एक लाख दहा हजारांचे ६२ हजार शब्द उरले. गेलेल्या पानांचं मला दुःख नाही.

कुठं पाठवण्याआधी मला तीन माणसांना ऐकवायचं होतं. मोठ्या मायला येळवशीचं प्रकरण वाचून दाखवलं. ओवीपाशी ती पुटपुटत माझ्याबरोबर म्हणाली आणि मग म्हणाली, ‘हे ठेव.’ आजीनं सगळं ऐकलं, मधे मधे झोपली, जागी झाली की ‘फुडं?’ म्हणायची. तिनं एक दुरुस्ती सांगितली: आमच्या आत्याला गाता मुळीच येत नव्हतं. ‘आवाज म्हंजे फुटकं मडकं.’ ती मात्र भावाची सायकल पळवायची, बांधानं, साडीचा काचा मारून. मग मी कादंबरीतल्या आत्यालाही सायकल दिली. गाणं राहू दिलं. गाणं सुमनच्या आत्याचं, सायकल माझ्या.

अण्णा राहिले. मला त्यांना ऐकवायची हिंमत होईना. गेल्या वर्षी पितृपक्षात घरी गेले होते. रात्री आईला शेवटची दोन प्रकरणं वाचून दाखवत होते, स्वयंपाकघरात. अण्णा पाणी प्यायला आले आणि चौकटीत थांबले. मी वाचायची थांबले. ते म्हणाले, ‘वाच.’ मी वाचत गेले. ते उंबऱ्याच्या अलीकडं, खांद्यानं चौकटीला टेकून, शेवटपर्यंत उभे होते. हातात रिकामा तांब्या. संपल्यावर आईनं डोळ्यांना पदर लावला. अण्णा काहीच बोलले नाहीत आणि वळले. मग दोन पावलं गेल्यावर, पाठमोरे असतानाच, म्हणाले:

‘काळी नव्हती गं. हिरवी होती सायकल.’

कादंबरीत ती सायकल चौदा ठिकाणी येते. रात्री बसून चौदाही ठिकाणी रंग बदलला. एका ठिकाणी आत्या घंटी वाजवत वेशीतून आत येते असं होतं, तिथं अडखळले. सकाळी अण्णा गोठ्यात होते. विचारलं, ‘अण्णा, घंटी होती का सायकलला?’

ते वैरण टाकायची थांबले. ‘होती,’ म्हणाले. ‘बस, सांगतो.’